आयर्लंडात मी लावलेला कळंब

माझ्या मेहुणीचं लग्न एका झाडामुळे मोडलं, आणि ते झाड मी लावलं होतं. आयर्लंडात. तिथे मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना कुणाला वाटेल की चूक माझ्या सासऱ्यांची, कुणाला वाटेल जुन्या चालीरीतींची, आणि एखादा दयाळू वाचक म्हणेल की चूक कुणाचीच नव्हती. चूक माझी होती. (सुनीता, म्हणजे माझी पत्नी, हे वाक्य वाचून म्हणाली, "हे छान लिहिलंयत." एरवी ती माझं लिखाण पहिल्या पानापुढे वाचत नाही.)

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही जर्मनीत रेगेन्सबर्गला होतो. मी गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत कामाला, आणि सुनीताची धाकटी बहीण अश्विनी कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होती. एका रविवारी तिने फोन करून सांगितलं की तिला तिच्याच संस्थेतल्या ब्रेंडन कलन नावाच्या आयरिश मुलाशी लग्न करायचं आहे. हे दादांना तिने स्वतःच कळवलं होतं. दादांच्या आशीर्वादाशिवाय ती लग्न करणार नव्हती, आणि ब्रेंडनशिवाय दुसऱ्या कुणाशी करणार नव्हती. बाकी काळजीचं कारण नाही म्हणाली.

दादा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याकडचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पण नोकरी हा त्यांचा जोडधंदा. मूळ काम सोयरिकी. पंचक्रोशीत लग्न ठरायचं असलं की मुलीचा बाप आधी दादांच्या ओसरीवर येऊन बसायचा. कोणतं आडनाव मुळात कुठल्या गावचं, कोणती शाखा दुष्काळात कुठे गेली, कुणाची कुळी काय, देवक काय, सगळं त्यांना तोंडपाठ. ब्रेंडन परदेशी आहे, ख्रिस्ती आहे, मेंढ्या पाळणाऱ्याचा मुलगा आहे, यातलं काहीच त्यांना खटकलं नाही. "आपण तरी कोण, शेतकरीच की," एवढंच म्हणाले. पण घराणं कळल्याशिवाय मुलगी देणं ही गोष्ट त्यांनी प्रत्यक्ष राजाच्या बाबतीतही केली नसती.

आणि स्थळाची चौकशी करण्याचा मान थोरल्या जावयाचा.

"पाव्हणं," दादा फोनवर म्हणाले, "तुम्ही तिथंच आहात. जरा जाऊन बघून या."

साताऱ्याहून पाहिलं तर रेगेन्सबर्ग आणि आयर्लंड म्हणजे वाठार आणि कोरेगाव. मध्ये समुद्र लागतो हे मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, मग बोटीनं जा, घाई नाही.

चौकशी कशी करतात हे मला चांगलं माहीत होतं, कारण माझी झाली होती. दादांचा माणूस आमच्या पुण्याच्या गल्लीत येऊन वाण्याला, इस्त्रीवाल्याला आणि आमच्याशी भांडण असलेल्या खालच्या बिऱ्हाडाला भेटून गेला होता. त्या मानाने माझं काम सोपं होतं. ब्रेंडनला सरळ विचारायचं. मी त्याला फोन केलासुद्धा. हवेबद्दल बोललो, मग पुन्हा हवेबद्दल बोललो, आणि शेवटी धीर करून विचारलं, घरचे सगळे कसे आहेत? तो म्हणाला, मजेत. चौकशी संपली.

यापुढे कसं जायचं तेच मला कळेना. धातूंना तडे का जातात यावर संशोधन करणाऱ्या माणसाला "तुमचं देवक काय हो?" हे इंग्रजीत कसं विचारतात? देवक म्हणजे घराण्याचं पूज्य झाड, वेल, नाहीतर एखाद्या पाखराचं पीस. झाड असेल तर त्याला घरातलं कुणी कुऱ्हाड लावत नाही, आणि लग्नात त्याची एक डहाळी आणून पुजतात. मराठीत हे दोन वाक्यांत होतं. इंग्रजीत मी मनातल्या मनात जुळवून पाहिलं, तर ती वनखात्याची नोटीस वाटत होती. शिवाय ऑफिसात कामाची मुदत जवळ आली होती. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात दादांचा फोन आला.

मूळ गाव कुठलं, त्यांनी विचारलं. डोंगरातलं, मी म्हणालो. (सुरुवात अशी लहान गोष्टीपासून होते.) कुळी कोणती? राजघराण्यापैकी आहेत म्हणतात. कोण म्हणतात? सगळेच म्हणतात. पलीकडून समाधानाचा हुंकार आला. मला वाटलं, निभावलं.

"आणि देवक?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर आमच्या शेजारीण फ्राऊ हुबर यांचं काटेरी, चकचकीत पानांचं कुंपण होतं. त्या कुंपणाकडे हिवाळ्यापासून मी सहसा बघत नसे, म्हणून लगेच नजर वळवली. (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) सुनीताच्या माहेरचं देवक कळंब, म्हणजे कदंब. मी पडलो सॉफ्टवेअरचा माणूस. आमच्या धंद्यात दोन्ही बाजूंना एकच गोष्ट असली की सगळं जुळतं आणि लोक वेळेवर घरी जातात.

"झाड आहे, दादा. आपल्यासारखंच. कळंबच."

"कळंब? तिकडं येतो?"

"जुनी झाडं आहेत."

"नक्की?"

"गेनाऊ," मी म्हणालो. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. जर्मनीत राहणारा माणूस स्वतःला खात्री नसलेल्या गोष्टीवर हा शब्द पेपरवेटसारखा ठेवतो.

मग दादा शांतपणे म्हणाले, "मग हे लग्न होत नाही, पाव्हणं."

एक देवक म्हणजे एक कूळ, आणि एका कुळातली मुलं म्हणजे भाऊबहीण. हा नियम मला माहीत नव्हता अशातला भाग नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात याच गोष्टीची खात्री केली होती, आणि आमचं देवक कळंब नसून पंचपल्लव निघालं तेव्हा माझी आई देवाजवळ साखर ठेवून आली होती. नियम मला सगळा येत होता. फक्त लागला तेव्हा आठवला नाही. परीक्षेत माझं हेच व्हायचं.

मी तासाभराने उलट फोन लावला. म्हटलं, दादा, माझ्या ऐकण्यात कदाचित चूक झाली असेल, कळंब नसेलही. दादांचा आवाज एकदम मऊ झाला. "पाव्हणं, तुम्ही भिडस्त. पोरीचं मोडतंय म्हणून शब्द फिरवताय. पण खरं होतं ते तुम्ही आधी सांगितलंत. दुसरा असता तर लपवलं असतं." आणि माझ्या खरेपणाची गोष्ट त्यांनी गावात चार ठिकाणी सांगितली असल्याचंही कळलं.

त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाला नुकतंच आपल्या सच्चेपणाबद्दल शाबासकी मिळाली आहे, त्याला खरं बोलणं फार अवघड जातं.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं होतं. लग्न मोडल्याचं दुःख दादांना होतं, पण त्याहून मोठा आनंद हा की आपली एक शाखा आयर्लंडात सापडली! भावकी ओसरीवर जमली. आपल्यातले कुणी घोड्यावरून उत्तरेकडे गेले आणि परत आले नाहीत, असं एका वृद्ध चुलत्यांनी पूर्वी कुठे तरी ऐकलं होतं. हे लोक डोंगरातले, आपणही डोंगरातले. ते मेंढ्या पाळतात, आपल्याकडेही होत्या. सगळं चपखल बसत गेलं. फक्त एका चुलतभावाने शंका काढली की हा ब्रेंडन उद्या सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी मागेल. त्यावर दोन दिवस वाद झाला आणि त्याला गुरुवार द्यायचं ठरलं.

अश्विनीचा फोन आला तेव्हा तिचं रडून झालं होतं. "दाजी, दादांच्या डोक्यात हे कळंबाचं कुणी घातलं? तुम्हाला काही माहितीय?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी उच्चारलेले हे सर्वांत हलकट दोन शब्द.

"मला माहितीय," ती म्हणाली. "थोरल्या काकूच असणार. त्यांच्या भाच्याचं स्थळ मी नाकारलं होतं ना." आणि थोरल्या काकूंशी तिने बोलणं टाकलं. बिचाऱ्या काकूंना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की अश्विनीला नवा भाऊ मिळाला आहे. श्रावण जवळ आला होता. त्यांनी जाडजूड, झिरमिळ्यांची एक राखी कायझर्सलाउटर्नला पोस्टाने पाठवली.

पाकीट ब्रेंडनने उघडलं. त्याला ते घड्याळासारखं काही तरी वाटलं, फार आवडलं, आणि तो ते हातावर बांधून घ्यायला पुढे झाला. अश्विनीने ते त्याच्या हातातून हिसकावून फ्रीजच्या मागे टाकलं. ब्रेंडनने मला विचारलं, आपल्याकडून काही अपमान झाला का? मी म्हटलं, नाही, सणाची गडबड असते. त्या रात्री सुनीता माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली जेवत नाही नीट." मी ऑफिसवर ढकललं.

आणि दादा आले. मुलीकडे यायचं त्यांचं आधीच ठरलं होतं, पण आता त्यांना आयर्लंडच्या शाखेलाही भेटायचं होतं. ब्रेंडन आणि अश्विनी शनिवारी रेगेन्सबर्गला आले. दादांनी दारातच ब्रेंडनला मिठी मारली, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि डोळे पुसले. ब्रेंडनला वाटलं, झालं, स्वीकारलं आपल्याला. अश्विनीने समजावलं होतं की वडील राजी नाहीत. हे राजी नसणं असेल तर राजी असणं कसं असेल, असं त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. मग दादांनी त्याला विहिरीचं सांगितलं. शेतकऱ्याचा मुलगा तो, पाण्याची पाळी म्हणजे काय हे त्याला एका वाक्यात कळलं. तो म्हणाला, गुरुवार मला चालेल.

अश्विनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पाणी प्यायला गेलो आणि न पिता परत आलो.

दुसऱ्या दिवशी ब्रेंडनची आई आयर्लंडहून आली. मुलाचं लग्न ठरतंय की मोडतंय ते नीट कळत नाही, म्हणून ती स्वतः बघायला आली होती. बुटकी, लालबुंद गालांची, आल्या आल्या बाह्या सारून सुनीताबरोबर पोळ्या लाटायला बसलेली बाई. नवरा मेंढ्यांमुळे येऊ शकला नाही म्हणाली. हे कारण दादांना इतकं पटलं की ते उठून बसले.

जेवताना दादा म्हणाले, "पाव्हणं, यांना विचारा, घराण्याची हकिकत काय."

दुभाषा मी. गुन्हेगारालाच कोर्टात शिरस्तेदार नेमावं तसं झालं. मी विचारलं.

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. सासूबाईंनी हे लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात पाठ करून घेतलं होतं, म्हणाल्या. (सुनीता आणि दादांनी एकाच वेळी मान डोलावली.) कलन हे आताचं रूप. मुळात नावाच्या आधी 'ओ' होता, आणि 'ओ' म्हणजे वंशज. पूर्वी हे लोक मैदानात होते, चांगली जमीन होती. मग बाहेरून नॉर्मन सरदार आले, त्यांनी जमीन घेतली आणि यांना विकलोच्या डोंगरात रेटलं. डोंगरात दगड आणि मेंढ्या. पुढे इंग्रजांच्या काळात 'ओ' लावणाऱ्याला दारात उभं करत नसत, म्हणून आजेसासऱ्यांच्या आजोबांनी तो गाळला. आता काही चुलत्यांनी पुन्हा लावलाय, काहींनी नाही, आणि नाताळात त्यावरून भांडणं होतात.

"आमच्याकडं अर्धे 'राव' लावतात, अर्धे नाही," दादा म्हणाले. "तेच."

राजघराण्याचं विचारा, त्यांनी सांगितलं. मी घाम पुसत विचारलं. बाई हसल्या. आयर्लंडात प्रत्येकजण राजाचाच वंशज आहे, म्हणाल्या, राजेच इतके होते की प्रजेसाठी माणसं उरली नव्हती. म्हणजे माझी एक थाप खरी निघाली, आणि डोंगराचीही. क्षणभर मला वेडी आशा वाटली की कोण जाणे, कळंबही असेल.

"आणि नावाचा अर्थ?" दादांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, होली. काटेरी पानांचं, हिवाळ्यात लाल फळं धरणारं झाड. त्या झाडावरून मूळ पुरुषाचं नाव, आणि त्याच्यावरून घराण्याचं. घराच्या मागे एक आहे. ते तोडत नाहीत, तोडलं तर वाईट होतं म्हणतात. नाताळात एक डहाळी घरात आणायची, तेवढीच.

दादांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "एकच डहाळी," ते हळूच म्हणाले. "आम्हीही लग्नात एकच घेतो." मग माझ्याकडे वळले. "आणि कळंब?"

मी इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे हवा कशी असते?

"पाव्हणं," दादा म्हणाले, "माझी सगळी नोकरी इंग्रजी टेंडरं वाचण्यात गेली. कळंब विचारा."

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "दादा, कळंब कुणी सांगितला नाही. मीच सांगितला. मी चौकशी केलीच नाही."

सुनीताच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. ब्रेंडन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. अश्विनी फार हळू बोलली. "दाजी, मी महिनाभर थोरल्या काकूंशी बोलले नाहीये."

दादा रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"सोयरिकीत लोक खोटं बोलतातच," ते म्हणाले. "पगार फुगवतात, वय चोरतात. मी ते धरून चालतो. पण पाव्हणं, यांची जमीन गेली, 'ओ' गेला, तरी झाड राखलं त्यांनी. ते तुम्ही फोनवर उपटलंत."

मी उठलो. अश्विनीची माफी मागितली, ब्रेंडनची मागितली आणि त्याच्या आईला सगळं इंग्रजीत सांगून त्यांचीही मागितली. (देवक सांगायला दोनच वाक्यं लागली.) बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. ब्रेंडनने उपरणं काढून त्याची घडी केली आणि विचारलं, म्हणजे गुरुवार गेला का? दादा म्हणाले, जावयाला विहिरीची पाळी नसते, पण पोहायला देऊ. यात त्यांचा होकार येऊन गेला हे अश्विनीला सर्वांत आधी कळलं, आणि ती पुन्हा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. थोरल्या काकूंना फोन तिने तिथूनच लावला.

दादांनी हात धुतले. "आणि झाडाची माफी?"

मला वाटलं, गंमत करताहेत. पण सोयरिकीच्या बाबतीत दादांनी कधी गंमत केलेली नाही. होली इथे कुठून आणायची, मी म्हणालो. ब्रेंडनची आई म्हणाली, म्हणजे काय, येताना समोरच तर पाहिली, पलीकडचं ते सगळं कुंपण होलीचंच आहे की.

संध्याकाळच्या उन्हात आमची वरात रस्ता ओलांडून फ्राऊ हुबर यांच्या कुंपणाशी गेली. त्या पलीकडे पाइपने पाणी घालत होत्या. मी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणालो, "चुकलो. माफ करा."

"झाड आयरिश लोकांचं," दादा मागून म्हणाले. "त्याला मराठी कसं कळणार?" मी इंग्रजीत म्हणालो. त्यावर ब्रेंडनच्या आईने शंका काढली की झाड वाढलंय तर इथेच. म्हणून मी घसा साफ करून तिसऱ्यांदा, मोठ्याने, जर्मनमध्ये माफी मागितली.

फ्राऊ हुबरनी पाइप बंद केला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या जोडलेल्या हातांकडे, अनवाणी पायांकडे आणि मागे उभ्या असलेल्या साक्षीदारांकडे पाहिलं. मग कुंपणातल्या एका मोडक्या, वाळलेल्या जागेकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "हिवाळ्यात बर्फात गाडी मागे घेताना घुसवलीत, त्याबद्दल ना? मी वाटच बघत होते."

"गेनाऊ," मी म्हणालो, आणि त्याचीही माफी मागितली.